कानाला गोड लागलं, म्हणून खरं ठरत नाही

वह्या मिटा आणि इकडे लक्ष द्या. आज नवीन धडा घेणार नाही. तुम्ही जे लिहून आणलंत, त्याचा आधी हिशेब करू.

गृहपाठ सोपा होता. एक जुना, वेगळा इंग्रजी शब्द निवडा. त्याचे अर्थ लिहा. तो आला कुठून ते लिहा. आणि ही माहिती कुठल्या पुस्तकात, कोणी लिहिलेली मिळाली, तेही लिहा. शेवटची अट फळ्यावर लिहून मी तिच्याखाली रेघ मारली होती. पहिल्या अटी सगळ्यांनी पाळल्या, शेवटची जवळजवळ कोणीच पाळली नाही. जिथे पुस्तकाचं नाव हवं होतं तिथे कोणी 'मोबाईल' लिहिलंय, कोणी 'व्हॉट्सॲप', तर कोणी 'सर्वांना माहीत आहे'. सर्वांना माहीत आहे, हा पुरावा नसतो. तो आळस असतो.

चुकलात म्हणून मी रागावलेली नाही. चुकायलाच तुम्ही शाळेत येता. राग आहे तो तुमच्या ठामपणाचा. एक अक्षर न पडताळता तुम्ही 'म्हणून हा शब्द असा बनला' असं लिहून मोकळे झालात. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तसं इथे उचललं पेन आणि टेकवलं कागदाला. ही सवय मला या वर्गात नको आहे.

'पॉश' हा शब्द घेणाऱ्यांनी उभं राहा. किती जण आहात ते तुम्हीच बघा. सगळ्यांच्या वह्यांत एकच गोष्ट, तीसुद्धा शब्दन् शब्द सारखी. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटीत श्रीमंत साहेबांना येताना डावीकडची केबिन मिळे आणि परत जाताना उजवीकडची, म्हणजे दोन्ही वेळा सावलीची बाजू. मग त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या शब्दांच्या आद्याक्षरांचा शिक्का बसे आणि त्यातून झाला 'पॉश'. एकीने तर बोटीचं चित्र काढून सावलीची बाजू पेन्सिलीने काळी केली आहे. चित्र चांगलं आहे. मजकूर खोटा आहे. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कोणाला दाखवता आलेलं नाही. शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला छापलेला सापडतो, आणि बोटीची ही गोष्ट छापून येते ती थेट 1930च्या दशकात. शब्द आधी आणि त्याचं कारण पंधरा-वीस वर्षांनी, हे तुम्हाला खटकायला हवं होतं. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या चोरांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे थोडेसे पैसे, आणि रोमानी भाषेत या शब्दाचा अर्थ अर्धा. आजच्या शब्दाशी त्याचा संबंध काय, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. जिथे आयुष्यभर शब्दकोश करणारी माणसं थांबतात, तिथे तुम्ही थांबला नाहीत.

'न्यूज' घेणाऱ्यांचंही तेच. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, चार दिशांच्या बातम्या म्हणून न्यूज! खरं तर 'न्यू' म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन न्यूज, म्हणजे नव्या गोष्टी. पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो निरनिराळ्या स्पेलिंगनी लिहिलेला मिळतो, तेव्हा दिशांची आद्याक्षरं जुळतसुद्धा नाहीत. एवढं साधं उत्तर समोर असताना तुम्ही दिशा शोधत गेलात.

आता ज्या शब्दाबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, त्याकडे वळू. 'टिफिन'. तुमच्या दप्तरात तो आत्ता आहे. चारकोपच्या प्रत्येक सेक्टरमध्ये सकाळी तो भरला जातो. निवड उत्तम होती, कारण हा खरोखरच जुना इंग्रजी शब्द आहे, जो इंग्लंडात जवळजवळ मेला आणि आपल्याकडे जगला. इतका चांगला शब्द हाती घेऊन तुम्ही त्याची माती केली. एकाने लिहिलं, तो चिनी 'छी-फान' म्हणजे 'भात खाणे' यावरून आला. दुसऱ्याने लिहिलं, अरबी 'तफन्नुन' म्हणजे करमणूक, त्यावरून आला. दोघांनीही शोध लावल्याच्या थाटात लिहिलंय.

हे दोन्ही तर्क 1886 मध्येच खोडून काढलेले आहेत. सर हेन्री यूल हे लष्करी इंजिनिअर आणि आर्थर बर्नेल हे मद्रास प्रांतातले सनदी अधिकारी, या दोघांनी हिंदुस्तानातल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा कोश केला. बर्नेल 1882 मध्ये वारले, यूलनी काम तडीस नेलं. कोशाचं नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानाला तसा ऐकू आला, म्हणून ते नाव. कान माणसाला कसा फसवतो, हे त्या कोशाच्या मुखपृष्ठावरच लिहिलेलं आहे. त्यात टिफिनखाली दोघांनी अरबी तर्काबद्दल विचारलंय की त्या शब्दाचा जेवणाशी संबंध दाखवणारा दाखला कुठे आहे. आणि चिनी तर्काबद्दल त्यांचं म्हणणं असं की एकाक्षरी चिनी शब्दांत तोडून बसवायचा म्हटलं तर जगातला कुठलाही शब्द बसवता येतो. म्हणजे तुमच्या तर्काचं उत्तर सुमारे 140 वर्षांपूर्वी दिलं गेलंय, छापलं गेलंय, आणि तुम्ही ते पान उघडलंसुद्धा नाही.

मग त्यांनी काय केलं? मागे गेले. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या माणसाने 1785 मध्ये लंडनच्या रस्त्यावरच्या, गुत्त्यांमधल्या बोलीचा कोश छापला होता. त्यात 'टिफिंग' मिळतो. अर्थ : जेवणाच्या वेळेबाहेर खाणं-पिणं, आणि दुसरा अर्थ भांडण. जुन्या गावठी इंग्रजीत 'टिफ' म्हणजे दारूचा घोट, हलकी बिअर. मग 1810 मध्ये थॉमस विल्यमसन यांनी हिंदुस्तानात नोकरीला येणाऱ्या इंग्रजांसाठी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात 'टिफिंग' हलक्या खाण्याच्या अर्थाने, शेवटच्या ग-सकट आलेला आहे. लंडनचा गुत्ता आणि हिंदुस्तानातला बंगला यांच्यामधला दुवा तो. लागली ना साखळी? टिफ, टिफिंग, टिफिन. प्रत्येक कडीला तारीख आहे, प्रत्येक कडीला पुस्तक आहे.

पुढचं तर तुमच्या डोळ्यांसमोरचं आहे, आणि तेही कोणी लिहिलं नाही. साहेबांचं दुपारचं जड जेवण संध्याकाळकडे सरकलं, तेव्हा दुपारच्या हलक्या जेवणाला नाव हवं होतं, ते 'टिफिन' झालं. दक्षिणेत गेलात तर आज टिफिन म्हणजे इडली-डोसा, जेवण नव्हे. आणि मुंबईत टिफिन म्हणजे स्टीलचा डबा. घोट, मग खाणं, मग खाणं ठेवायचं भांडं. आपल्या 'डबा' या शब्दाचा प्रवास बरोबर उलट झाला. तो मुळात भांडं. पण 'डबा खाल्लास का?' असं आई विचारते, तेव्हा ती भांड्याबद्दल विचारत नाही. एक शब्द अन्नाकडून भांड्याकडे गेला, दुसरा भांड्याकडून अन्नाकडे आला, आणि दोघे तुमच्या बाकावर भेटले. हे लिहायला मोबाईल लागत नव्हता. डोळे लागत होते.

आता 'मंगूस'वाला मुलगा. त्याने लिहिलंय की या शब्दात 'गूस' म्हणजे हंस आहे, म्हणून अनेकवचन 'मंगीस'. बाळा, खाडीकडच्या झुडपांतून सळसळत जाणारं मुंगूस तू पाहिलं असशील. त्याचा हंसाशी काय संबंध? हा शब्द इंग्रजांनी इथूनच उचलला, मराठी 'मुंगूस'वरून. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर 1670च्या दशकात मुंबई-सुरतेकडे राहिला, जुन्नरपर्यंत जाऊन आला. 1698 मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्राणी आणि हा शब्द आहे. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द इंग्रजी कोशात जाऊन बसला आणि तू त्यात परक्याचा हंस शोधलास. इंग्रजीतही त्याचं अनेकवचन 'मंगूसेस'च होतं.

काही जणांनी दुसऱ्या टोकाची चूक केली आहे. त्यांना प्रत्येक इंग्रजी शब्द संस्कृतातून काढायचाय. अभिमान वाईट नाही, पण अभिमानाला अभ्यासाची जागा घेऊ देऊ नका. 'डे' हा 'दिवस'वरून आला, असं तिघांनी लिहिलंय, कारण दोन्हीकडे 'द' आहे. नेमकं तेच याविरुद्ध जातं. याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडलेला नियम बघा : संस्कृतात जिथे 'द' आहे, तिथे इंग्रजीत 'ट' येतो. दोन, टू. दहा, टेन. दात, टूथ. मग दिवसाच्या कुळातला इंग्रजी शब्द 'ट'नेच सुरू व्हायला हवा होता. 'डे' त्या कुळातला नाही. दिवसाचा नातलग लॅटिनमधला 'दिएस'. आणि खरं नातं हवं असेल तर मंगळवारकडे बघा : 'ट्यूजडे'मधला 'ट्यू' हा जुना जर्मानिक देव, आणि ते नाव आपल्या 'देव' शब्दाचं सख्खं भावंड. तिथे 'द'चा 'ट' झालाय, नियमाप्रमाणे. तसंच 'व्हील' आणि 'चाक'. एका अक्षराचंही साम्य दिसत नाही, पण दोन्ही एकाच मुळातून आले आहेत : इकडे 'चक्र' होऊन 'चाक', तिकडे 'ह्व'ने सुरू होणारं जुनं इंग्रजी रूप होऊन 'व्हील'. जे सारखं दिसतं ते नातलग नसतं, जे वेगळं दिसतं ते नातलग निघतं. म्हणून वडाची साल पिंपळाला लावायची नाही. नियम शिकायचे.

आपल्या शहराच्या नावाचंही तुम्ही तेच केलंत. 'बॉम्बे' म्हणजे पोर्तुगीजांचा 'बॉम बाहिया', चांगला उपसागर, असं लिहिलंत. पण पोर्तुगीजमध्ये 'बाहिया' स्त्रीलिंगी आहे. त्याच्या आधी 'बोआ' येईल, 'बॉम' येणार नाही. आपण 'चांगला मुलगी' म्हणत नाही, तसे तेही म्हणत नाहीत. आणि गार्सिया द ओर्ता, ज्याला मुंबई बेट राजाकडून भाडेपट्ट्याने मिळालं होतं, त्याच्या 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात गावाचं नाव 'मोंबाईम' असं म-ने सुरू होतं. म्हणजे नाव मुंबादेवीच्या मुंबईचंच, पोर्तुगीजांनी ते आपल्या जिभेवर बसवलं.

उलट, जिथे पोर्तुगीज खरोखर होते, तिथे त्यांना तुम्ही नाकारलंत. एकीने 'पगार' संस्कृत ठरवलाय. 'पगार' पोर्तुगीज, 'पाव' पोर्तुगीज, 'चावी' पोर्तुगीज, 'बटाटा' पोर्तुगीज. का असू नयेत? ज्या साष्टीत आपण राहतो, ती 1534 पासून 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेईपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यांवर त्यांच्या मठाच्या भिंती अजून उभ्या आहेत. सहलीला गेलो तेव्हा त्या भिंतींना टेकून तुम्ही फोटो काढलेत. दोनशे वर्षं माणसं शेजारी राहिली तर शब्द येणारच. कोण कोणाला कुठे आणि केव्हा भेटलं, हे ज्याला माहीत नाही, त्याने शब्दाच्या कुळाबद्दल बोलू नये.

आणि शेवटी, विषय सोडून एकाने स्वतःच्या गावावरच लिहिलं. 'चारकोप : म्हाडाच्या प्लॉटचे चार कोपरे, म्हणून चारकोप.' मुला, जागतिक बँकेच्या मदतीने आखलेली ही सेक्टरची वसाहत 1980च्या दशकातली. पस्तीस-पस्तीस घरांची सोसायटी, मध्ये मोकळं अंगण, हे तुझ्या आजी-आजोबांच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं. चारकोप गावठाण त्याच्या कितीतरी आधीचं आहे. तिथल्या कोळी आणि ईस्ट इंडियन घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं असतंस, तर पाच मिनिटांत कळलं असतं की वसाहत येण्याआधीही गावाला हेच नाव होतं. जे नंतर आलं त्यावरून आधीच्याचं नाव कसं पडेल? तू गावठाणापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतोस. तेवढं चालला नाहीस.

आता एकाचं उत्तर ऐकलं मी मघाशी : 'बाई, हे आजोबांनी पाठवलंय, खोटं कसं असेल?' आजोबांचा मान ठेव. त्यांच्या पाया पड. पण त्यांच्याकडे आलेला संदेश त्यांनी लिहिलेला नाही. तो त्यांच्याकडेही कोणीतरी ढकललेला आहे. त्यांच्याजवळ बसून 'आजोबा, हे कुठे छापलंय ते शोधूया का?' असं विचारणं हा त्यांचा अपमान नाही. पडताळून न बघता त्यांचं नाव पुढे करणं, हा अपमान आहे.

तुम्हाला वाटत असेल, एका शब्दाचं मूळ चुकलं तर काय बिघडलं. बिघडतं. ज्या बोटाने तुम्ही पॉशची गोष्ट पुढे पाठवलीत, त्याच बोटाने उद्या औषधाची खोटी माहिती पाठवाल, कुठल्या वस्तीबद्दलची अफवा पाठवाल. तिथे माणसं मरतात. शब्द हा सराव आहे. इथे चूक झाली तर गुण जातात, म्हणून इथेच शिकून घ्या.

खरं काम कसं होतं ते ऐका. इंग्लंडातल्या फिलॉलॉजिकल सोसायटीने 1857 मध्ये ठरवलं की प्रत्येक इंग्रजी शब्दाचा इतिहास लिहायचा. जेम्स मरे 1879 मध्ये संपादक झाले. पहिला भाग 1884 मध्ये निघाला, शेवटचा 1928 मध्ये. मरे 1915 मध्येच गेले, त्यांना पूर्ण कोश बघायला मिळाला नाही. साधी माणसं घरी पुस्तकं वाचत आणि प्रत्येक दाखल्यासाठी एक चिठ्ठी भरून पाठवत. कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, पुस्तक, पान आणि ज्या वाक्यात शब्द आला ते पूर्ण वाक्य. अशा लाखो चिठ्ठ्यांतून ऑक्सफर्डचा कोश उभा राहिला. आपल्याकडेही तीच निष्ठा होती. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 मध्ये मुंबईत निघाली. दाते आणि कर्वे यांनी 1932 ते 1938 या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश 1946 चा. यातला बराचसा खजिना आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, हॉब्सन-जॉब्सनसकट. ज्या मोबाईलवर तुम्हाला ती बोट सापडली, त्याच मोबाईलवर. तेव्हा 'पुस्तक मिळालं नाही' ही सबब मी ऐकणार नाही.

सोमवारी प्रत्येकाने गृहपाठ नव्याने लिहून आणायचा. कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापा. एका चिठ्ठीवर एकच दाखला : शब्द, साल, लेखक, पुस्तक, अर्थ. किमान तीन चिठ्ठ्या, सालाप्रमाणे लावलेल्या. मग त्यांच्याखाली स्वतःच्या शब्दांत लिहा की या तीन दाखल्यांवरून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही. ज्यांनी गावाचं किंवा घरातलं नाव घेतलंय, त्यांनी किमान एका वडीलधाऱ्या माणसाला जाऊन विचारायचं आणि त्यांनी काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत उतरवायचं. मूळ सापडलं नाही, तर 'इथपर्यंत शोधलं, पुढे पुरावा मिळाला नाही' असं सरळ लिहा. त्या ओळीला मी पूर्ण गुण देईन, कारण ती लिहायला धैर्य लागतं आणि मेहनतही लागते. पण आधाराशिवाय एक जरी वाक्य ठामपणे लिहिलेलं दिसलं, तर ती वही मी तपासणार नाही. तुम्ही हुशार आहात, हे मला माहीत आहे. म्हणूनच तुमच्याकडून कमी चालवून घेणार नाही.